प्रयागबाई फोनवर आहेत

प्रयागबाई बिराजदारांनी आमची फोनसेवा बुडवली की तारली, हे मला विचारू नका. मला माहीत नाही. ज्यांना नक्की माहीत आहे असं वाटतं, त्यांनी बहुतेक प्रयागबाईंना कधी बघितलेलंच नसतं.

परवा नांदेडला मीटिंग होती. आमच्या लातूरकडचा अनुभव म्हणून मलाही बोलावलेलं. किनवटकडच्या वाड्यातांड्यांवर ग्रामपंचायतीच्या सेवा फोनवरून कशा द्यायच्या, त्याचं नियोजन. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांना दिसत नाही, ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, असं कुणीही बाहेर राहता कामा नये, हा विषय. एक तरुण अधिकारी मोठ्या उत्साहानं म्हणाले, "फोनवरचा आवाज स्थानिक घेऊ. लोकांच्या अगदी ओळखीतला. म्हणजे विश्वास बसेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा हात आपोआप वर गेला. "बोला मॅडम," ते म्हणाले. झालं! मला काय बोलायचंय तेच कळेना. ओळखीचा आवाज घ्या म्हणू, की मुळीच घेऊ नका म्हणू? शेवटी मी म्हणाले, "पंखा जरा कमी करता का?" आणि बसले खाली. शेजारची बाई माझ्याकडे बघत राहिली.

आता तिला प्रयागबाई कशा सांगणार?

त्या अहमदपूर पंचायत समितीत विस्तार अधिकारी होत्या. म्हणजे गावोगाव फिरायचं आणि ग्रामपंचायतींचा कारभार धड चाललाय का ते बघायचं. मी त्याच ऑफिसात कंत्राटी संगणक समन्वयक. त्यांची माझी पहिली ओळख भिंतीपलीकडून झाली. त्या फोनवर बोलत होत्या. समोरचा ग्रामसेवक शिरूरला असावा, पण त्यानं नुसती खिडकी उघडली असती तरी त्याला सगळं ऐकू गेलं असतं. फोन ठेवून त्या माझ्या दारात आल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तूच का गं ती नवी काँप्युटर?" तेव्हापासून मी काँप्युटर. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मलाही सांगायचं धाडस झालं नाही.

उंचीला बेताच्या, अंगानं भक्कम, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि पायात पुरुषी सँडल. गावात शिरल्या की कोपऱ्यावरनंच हाळी द्यायच्या. "ए भागीरथी! घरात हाईस का?" मग भागीरथी असो नसो, आख्खी गल्ली दारात. ग्रामसभेत त्यांना माइक लागत नसे. माइक दिला तर तो किंचाळायचा. तरुणपणी त्यांनी रेडिओसाठी आवाजाची परीक्षा दिली होती म्हणे, आणि तिथल्या माणसानं त्यांना सांगितलं, "बाई, तुम्ही माइक बंद करून बोला." हे कौतुक होतं का अपमान, याचा त्यांना कधीच पत्ता लागला नाही. हीच गोष्ट त्या कधी हसत सांगायच्या, कधी तणतणत. मी दोन्ही वेळा मान हलवायचे.

समोर कुणीही येवो, पहिला प्रश्न "जेवलाव का?" मोठे साहेब तपासणीला आले, सकाळची वेळ, अजून खुर्चीत टेकले नव्हते, तर ह्या म्हणाल्या, "साहेब, जेवलाव का?" साहेब गांगरले. "अं? नाही... म्हणजे हो," म्हणाले. ऑफिसात सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा, आणि दिवसभर दुसऱ्यांना सांगणार, "उगं कालवा करू नका रे."

पण त्यांचा खरा दागिना म्हणजे दोन शब्द. "सोडा माझ्यावर."

हे त्या क्वचित म्हणायच्या. सभापतींनी एकदा त्यांना कुठल्याशा भांडणात पडायला सांगितलं, तर सरळ म्हणाल्या, "साहेब, हे मला जमणार न्हाई. दुसरं कोन तरी बघा." पण एकदा का "सोडा माझ्यावर" म्हणाल्या, की ते काम झालं म्हणून समजा. एका वाडीच्या शाळेत वीज येत नव्हती. मास्तर रडकुंडीला आलेले. प्रयागबाई म्हणाल्या, "मास्तर, सोडा माझ्यावर." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपला जेवणाचा डबा वीजवाल्यांच्या ऑफिसात न्यायला सुरुवात केली. भांडण नाही, निवेदन नाही. दुपारी जायचं, साहेबांच्या केबिनसमोर फतकल मारायची, भाकरी-ठेचा सोडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, "जेवलाव का?" शाळेत दिवा लागेपर्यंत त्या तिथंच जेवल्या. तालुक्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून बायका त्यांच्यापुढं गाऱ्हाणं मांडून झालं की गप्प बसून त्यांच्या तोंडाकडं बघायच्या. ते दोन शब्द येतायत का, याची वाट बघत.

फोनसेवेची पहिली मीटिंग लातूरला झाली. पुण्याहून सल्लागार आलेले. पडद्यावर चित्रं, बाण, गोल. प्रयागबाई माझ्या शेजारी बसून मन लावून बघत होत्या. त्यांना ह्या सगळ्याचं भारी वेड, बरं का. कुणाला वाटेल की जुनी बाई म्हणजे मोबाइलच्या नावानं बोटं मोडणारी. छे! व्हॉट्सॲपवर रोज सकाळी कीर्तनाएवढे लांब निरोप बोलून पाठवायच्या. सल्लागारांचं बोलून झाल्यावर ह्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळं लई भारी हाय. पण ह्यात आमची रुक्मिण कुठं हाय?"

सल्लागारांना वाटलं, रुक्मिण ही एखादी योजना असावी. ते घाईघाईनं मागची चित्रं उलटायला लागले. मीच हळूच सांगितलं, "सर, ती एक बाई आहे."

रुक्मिणबाई अहमदपूरपासून आत एका वाडीत राहायच्या. एकट्या. चिंचा फोडून पोट भरायच्या. दोन्ही डोळ्यांची नजर हळूहळू जाऊन आता नुसता उजेड-अंधार कळायचा. प्रयागबाईंची पहिली नेमणूक त्या वाडीत झाली होती, तेव्हा ह्या तिच्याच घरी भाड्यानं राहिल्या. त्या वेळी रुक्मिणला दिसत होतं. "पाण्याला जाताना माझ्यापुढं पळायची," प्रयागबाई सांगायच्या. दोघी एकमेकींशी कायम भांडणाच्या सुरात बोलायच्या, आणि प्रयागबाई बदली होऊन कुठंही गेल्या तरी वाडीला चक्कर मारायच्याच.

तेव्हापासून आमच्या सगळ्या नियोजनाचं माप रुक्मिण झालं. "रुक्मिणला जमंल का?" हा प्रश्न सल्लागारसुद्धा विचारायला लागले. त्यातून ठरलं ते असं. गावकऱ्यानं एका नंबरावर फोन करायचा. पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज विचारणार, काय अडचण आहे? पाणी, नाली, दिवाबत्ती, दाखला, जे असेल ते आपल्या भाषेत बोलायचं. बोलून झालं की एक नंबरचं बटण दाबायचं. ते दाबलं की तक्रार ग्रामसेवकाच्या फोनवर जाणार आणि काम होईपर्यंत त्याच्या मागं लागणार. बटण नाही दाबलं, तर ते बोलणं अर्धवट समजून बाजूला पडणार. वाचणं नको, लिहिणं नको. सोपं की नाही?

आवाज कुणाचा, हा प्रश्न आलाच नाही. प्रयागबाईंनी येऊच दिला नाही. "माझा," त्या म्हणाल्या.

रेकॉर्डिंगला आम्ही नांदेडला गेलो. लग्नाच्या कॅसेटी आणि निवडणुकीचा प्रचार करून देणारा एक स्टुडिओ होता, भिंतींना गाद्या ठोकलेला. प्रयागबाई नवं इरकल लुगडं नेसून आल्या होत्या. मी म्हणाले, "मॅडम, फोटो नाही, नुसता आवाज आहे." तर म्हणाल्या, "आवाजाला कळतंय गं, अंगावर काय हाय ते."

कागदावर लिहिलं होतं, 'आपली तक्रार नोंदविण्यासाठी कृपया एक दाबा.' त्यांनी ते वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "असं कोन बोलतं? रुक्मिणला वाटंल, तहसीलदार आला." मग कागद बाजूला ठेवला, माइककडं बघितलं आणि समोर कुणीतरी बसलंय अशा सुरात म्हणाल्या, "झालं का बोलून? बरं. सोडा माझ्यावर. आन् आता एक दाबा."

स्टुडिओवाला काचेपलीकडं अंगठा दाखवून हसला. माझ्या तर अंगावर काटा आला. इतकं खरं वाटलं ते. एवढं चांगलं झालंय म्हटल्यावर पुढं कुणी काही विचारलंच नाही.

चाचणीला खुद्द रुक्मिणबाईंना जीपमधून अहमदपूरला आणलं. त्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं, हसल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रयागबाईंना म्हणाल्या, "आगं, तू हितं बी बोलायलीस आन् तितं बी?" मग त्यांनी पाण्याचं काहीतरी सांगितलं आणि थांबल्या. "दाब की गं आता," प्रयागबाई शेजारून म्हणाल्या. त्यांनी दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सल्लागारांनी लिहून घेतलं, चाचणी यशस्वी.

सेवा सुरू झाली आणि फोनचा नुसता पाऊस पडला. जिल्ह्यात सगळ्यांत जास्त फोन आमच्या तालुक्यातून. लातूरचे साहेब खूश. पण ग्रामसेवकांकडं तक्रारी पोचत होत्या त्या अगदी थोड्या. मला वाटलं, यंत्रात काहीतरी बिघाड आहे. मी तारा तपासल्या, कंपनीशी भांडले. बिघाड कुठंच नव्हता.

पहिला पत्ता लागला तो बाजाराच्या दिवशी. मी आणि प्रयागबाई भाजी घेत होतो. एक म्हातारा काठी आपटत पुढ्यात आला. "बाई, तुमी लई मोठ्या झालाव आता."

"कामून? काय झालं?"

"मी येवढं बोलायलोय फोनवर, नातीच्या लग्नाला या म्हणायलोय, तर हूं न्हाई का चूं न्हाई. आन् मदीच म्हणताव, झालं का बोलून? आसं कोन कुनाला म्हणतंय?"

प्रयागबाई हसल्या. त्याला समजावलं की तो आवाज रेकॉर्ड केलेला आहे, कॅसेटीसारखा. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि जाता जाता म्हणाला, "ते खरं हाय. पन येक डाव हूं तरी म्हणायचं."

पुढं असं रोजच व्हायला लागलं. एका बाईनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. एका ठिकाणी चहा मिळेना. कुणी म्हणे, पिरागबाई फोनवर गोड बोलती आन् समोर वळख देत न्हाई. त्या जीपमधे बसून मला विचारायच्या, "मी कधी बोलले गं हिच्याशी?" आणि मग स्वतःच, "बोलले असंन." त्यांचा आवाज दिवसभर त्यांच्या नकळत तालुकाभर बोलत फिरत होता, आणि संध्याकाळी त्याचे रुसवेफुगवे ह्यांच्या दारात. मला हसू यायचं. त्यांनाही यायचं, सुरुवातीला.

मग रुक्मिणबाई पडल्या.

त्यांच्या दारासमोरून नाली गेलेली. नालीवर एक शहाबादी फरशी. तीच त्यांची वाट. दारातून फरशीवर, फरशीवरून नळाला, पायाला सवय झालेली. कुणाच्या तरी ट्रॅक्टरची ट्रॉली गेली आणि फरशी मधोमध फुटली. शेजारणीनं विचारलं, "सरपंचाला सांगू का?" रुक्मिणबाई म्हणाल्या, "काय नगं. पिरागला सांगिटलंय. ती म्हनली, सोडा माझ्यावर." पुतण्या म्हणाला, मी एक फळी टाकतो, तर त्यालाही नको म्हणाल्या. पिराग येईल, चांगली फरशी घालून देईल, उगं कालवा कशाला? आणि एका सकाळी, हातात घागर असताना, पाय सवयीनं पडायचा तिथंच पडला. खुब्याचं हाड मोडलं.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात आम्ही त्यांना भेटायला गेलो. त्या कशा पडल्या, हे प्रयागबाईंना तोवर कुणी सांगितलं नव्हतं. डब्यात वरण-भाकरी घेऊन, वॉर्डाच्या दारातूनच हाळी देत शिरल्या, "कशी गं पडलीस? डोळे न्हाईत, आता पाय बी मोडून घेतलास व्हय?"

रुक्मिणबाईंनी आवाजाकडं तोंड वळवलं. "तुला सांगिटलं व्हतं की."

"काय?"

"फरशीचं. फोनवर. तू म्हनलीस, सोडा माझ्यावर. मी सोडलं."

प्रयागबाईंनी डबा कॉटवर ठेवला. मग खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आगं, ती मी न्हवते."

"मंग कोन व्हतं?"

"मीच व्हते. पण ते आधीच बोलून ठेवलेलं."

रागानं नाही, अगदी मनापासून कोडं उलगडत असल्यागत रुक्मिणबाईंनी विचारलं, "आदीच? मी सांगायच्या आदीच तू म्हनलीस, सोडा माझ्यावर?"

प्रयागबाईंनी डबा उघडला, परत लावला. भाकरी भरवायला घेतली तर रुक्मिणबाईंनी खाल्ली, अगदी नीट खाल्ली, पण पुढं एक शब्द बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना प्रयागबाई म्हणाल्या, "येते गं." रुक्मिणबाई छताकडं तोंड करून पडून होत्या. हाक त्यांना ऐकू गेली का नाही, समजलं नाही. गेली असणार. वॉर्डभर गेली होती.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाई माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून म्हणाल्या, "काँप्युटर, मला ऐकव. जे बाजूला पडलंय ते सगळं."

मी हेडफोन दिले. त्यांनी डोळे मिटले आणि ऐकायला लागल्या. आणि त्या उत्तरं देत होत्या! मोठ्यानं, भरल्या आवाजात. "हं... मग?... आरं देवा... न्हाई रे बाबा, मी नव्हते त्या दिवशी... जेवलास का तू?" बाहेरचा शिपाई दोनदा डोकावून गेला. मला काही ऐकू येत नव्हतं, नुसती ह्यांची बाजू येत होती, आणि त्यावरनं कळत होतं की पलीकडं कुणाची सून पळून गेलीय, कुणाचा नळ सुटत नाही, कुणाला फक्त बोलायचंय. सगळे त्यांच्याशी बोलले होते. 'सोडा माझ्यावर' ऐकल्यावर सगळ्यांनी समाधानानं फोन ठेवून दिला होता. पुढं बटण कशाला दाबायचं? प्रयागबाईंनी काम अंगावर घेतलं होतं ना.

मग रुक्मिणबाईंचं आलं. त्यांनी हेडफोन काढून मला दिले. "तू पण ऐक."

"पिराग, फरशी फुटली बग दारातली. सवडीनं ये. घाई न्हाई." बस्स, एवढंच.

"घाई न्हाई म्हनली ती," प्रयागबाई म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या. त्या स्वतःची बाजू मांडत होत्या, का स्वतःलाच चापट मारत होत्या, मला खरंच कळलं नाही. मी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांनी तो हातात धरून ठेवला आणि रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि रागही आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. ट्रॅक्टरवाल्याचा, सल्लागारांचा, ह्यांच्या त्या इरकल लुगड्याचा, सगळ्यांचाच.

पुढचे काही दिवस ऑफिसात नुसता गोंधळ. सकाळी त्या म्हणायच्या, "माझा आवाज काढून टाक." दुपारी म्हणायच्या, "आवाज राहू दे, ते दोन शब्द काढ." संध्याकाळी म्हणायच्या, "काही काढू नको, मीच सगळ्यांकडं जाते." आणि खरंच निघाल्या. फरशी तर त्यांनी लगेच बसवून घेतली होती, काँक्रीटमधे. पण बाकीचे? ज्यांना ज्यांना त्या आवाजानं शब्द दिला होता, त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन त्या हात जोडायच्या. लोक बुचकळ्यात. "आवो बाई, झालं ते काम कवाच," कुणी म्हणे. कुणी म्हणे, "आमी काय म्हनलं व्हतं, आमालाच आठवंना." जीप मिळेना तेव्हा एसटीनं गेल्या. नवीन फोन तर येतच होते. ह्या एका दारात हात जोडेपर्यंत त्यांचा आवाज आणखी कुणाला तरी "सोडा माझ्यावर" म्हणून मोकळा व्हायचा.

आवाज बदलायचा विषय लातूरला गेला. साहेब म्हणाले, सगळ्यांत जास्त फोन ह्या आवाजाला आहेत, तो कसा काढायचा? प्रयागबाई उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी साहेबांनीच विषय संपवला, "ठीक आहे, बदला."

नवा आवाज आला. कुठल्या तरी मुलीचा. गोड, स्वच्छ, कुणाच्याच ओळखीचा नाही. 'आपली तक्रार नोंदविण्यासाठी कृपया एक दाबा.' फोन कमी झाले. पण जे येत होते, ते सगळे बटण दाबत होते! तक्रारी पोचायला लागल्या. नाल्या साफ व्हायला लागल्या, दिवे लागायला लागले. बाजारात तोच म्हातारा मला म्हणाला, "आता बरं हाय. ती पोरगी काय आपल्या वळखीची न्हाई. तिचं काय खरं? मनून आपुन बटन दाबायचं."

मी हे कौतुकानं प्रयागबाईंना सांगितलं. त्यांना आनंद व्हावा म्हणून. त्या फाइल बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हंजे माझ्यामुळंच अडलं होतं म्हण की." मी म्हणाले, तसं नाही मॅडम. त्या म्हणाल्या, मग कसं? मी पुन्हा म्हणाले, तसं नाही. आता हे काय उत्तर झालं?

थोड्याच दिवसांत त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात माइक होता, आणि पहिल्यांदाच तो किंचाळला नाही. त्या इतकं हळू बोलल्या की मागच्या रांगेतले लोक विचारत होते, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या?

गेल्या महिन्यात मी त्या वाडीला गेले होते. ग्रामपंचायतीत काम होतं, ते झालं आणि पाय आपोआप रुक्मिणबाईंच्या घराकडं वळले. त्या दारात बसून चिंचा फोडत होत्या, शेजारी चालायचा वॉकर. मी म्हणाले, "रुक्मिणबाई, मी, अहमदपूरच्या ऑफिसातली."

त्यांनी चिंचा फोडणं थांबवलं. "हात दे आदी."

"काय?"

"हात. मंग बोल."

मी हात दिला. चिंचेनं चिकट झालेल्या बोटांनी त्यांनी तो चाचपला, अंगठी फिरवून बघितली आणि सोडला. "बस," म्हणाल्या. आत चुलीशी असलेली शेजारीण हसत मला सांगायला लागली, दवाखान्यातून आल्यापासून म्हातारीनं हेच धरलंय, पुतण्या असला तरी आधी हात, मग बोलणं. "आवाजाचं काय खरं न्हाई आता," रुक्मिणबाई म्हणाल्या, आणि पुन्हा चिंचेला लागल्या.

तेवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावर रिक्षा थांबली आणि प्रयागबाई उतरल्या. मला त्यांनी बघितलं. मी हाक मारणार होते, तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं. एरवी ज्या कोपऱ्यावरनं गल्ली जागी व्हायची, तिथून त्या चोरपावलांनी चालत आल्या. फरशी ओलांडली, पायातून सँडल काढल्या, लुगडं सावरून रुक्मिणबाईंसमोर जमिनीवर बसल्या.

"कोन हाय?" रुक्मिणबाई म्हणाल्या.

प्रयागबाईंनी तोंड उघडलं नाही. नुसता हात पुढं केला आणि रुक्मिणबाईंच्या मांडीवर ठेवला.

रुक्मिणबाईंनी चिंचांचं सूप बाजूला सारलं, पदराला बोटं पुसली. मग तो हात दोन्ही हातांत घेतला. बोटं चाचपली, नखं, बांगड्या, मनगटाचं हाड, वर कोपरापर्यंत गेल्या आणि परत खाली आल्या. कसली घाई नव्हती. माझा हात त्यांनी असा नव्हता बघितला. प्रयागबाई शाळेतल्या पोरीसारख्या ताठ बसून होत्या, आणि त्यांची नजर रुक्मिणबाईंच्या चेहऱ्यावरनं हलत नव्हती. मी उठून जावं का बसावं, मला समजेना.

"हां," रुक्मिणबाई म्हणाल्या. हात सोडला नाही. "तूच हाईस. बोल आता."

प्रयागबाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना बोलताच येईना.